राणी गेली कुठे?

प्रश्न : ‘भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी’ या गीतातील राणी शेवटी मरण पावते, असे मला वाटते. तिने राजाला फसवले, असे माझ्या जाऊबाईंचे म्हणणे आहे. गीताचा अर्थ नेमका कसा घ्यावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मंगेश पाडगांवकरांचे शब्द, यशवंत देवांचे संगीत आणि अरुण दाते यांचा स्वर लाभलेल्या या भावगीतात राणी का गेली हे कोठेही सांगितलेले नाही, त्यामुळे असे वाद घरोघरी होतात. माझ्या मते राणी मरतही नाही आणि फसवतही नाही. ताटातूट होणार हे तिला आधीपासून ठाऊक असते, राजाला मात्र नसते.

पहिल्या कडव्यात राजा मोठ्या विश्वासाने म्हणतो, की शब्दांवाचूनची भाषा आपल्याला समजली आणि तिच्या हातावरच्या रेषा आपल्या नशिबाशी बोलत आहेत. नेमके तेव्हाच राणीच्या डोळ्यांत पाणी दाटते. न बोललेले समजले म्हणणाऱ्या राजाला समोरचे अश्रू काही वाचता येत नाहीत, आणि चालीच्या गोडव्यात हा उपरोध ऐकणाऱ्याच्याही हातून निसटतो. फसवणारी या जागी रडली नसती, हे जाऊबाईंना अवश्य सांगावे.

पुढे दूरच्या ताऱ्याकडे एकटक पाहत ती ‘उद्या पहाटे दुसऱ्या वाटा, दुज्या गावचा वारा’ एवढेच बोलते. साऱ्या गीतात तिच्या तोंडी हीच एक ओळ आहे. लग्नाचा उल्लेख कवीने केलेला नाही, हे खरे. परंतु मुलीचे लग्न वडीलधाऱ्यांनी ठरवायचे आणि तिने निमूटपणे परगावी नांदायला जायचे, ही रीत ज्यांनी जवळून पाहिली होती, त्या श्रोत्यांना तो लागतही नव्हता. तुम्ही मृत्यूचा अर्थ बहुधा शेवटच्या कडव्यातील मिटलेल्या डोळ्यांवरून घेतला असावा. मात्र तेथे राणी दूर जाताना डोळे मिटते, आणि मागे वळून पाहण्याचे बळ नसलेले माणूसही तसेच करते.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ‘का’ने सुरू होणारे सगळे प्रश्न एक तर राजाचे आहेत किंवा कथा सांगणाऱ्याचे, राणी एकही प्रश्न विचारत नाही. जीव का जोडावेत, उमलण्याआधीच दैवाने फूल का तोडावे, असे राजा तिला विचारतो, तेव्हा ती केविलवाणी होते, कारण जो निर्णय तिने घेतलेलाच नाही त्याचा जाब तिने कसा द्यावा? त्यातून जाऊबाईंना कोणाला बोल लावायचाच असेल, तर तो ज्याला सारे उशिरा कळले त्या राजाला लावावा.