वडिलांना स्वरतंतूचा पहिल्या टप्प्यातला कॅन्सर आहे. शेक घेतले तर आवाज राहील का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या डाव्या स्वरतंतूवर टी-१ (म्हणजे पहिल्या टप्प्यातली, स्वरतंतूपुरतीच) गाठ निघाली, डॉक्टर शेक म्हणजे रेडिओथेरपी, किरणांचे उपचार घ्या म्हणताहेत आणि वडील भजनी मंडळात गातात म्हणून घरात धास्ती आहे. मी रेडिओथेरपीच्या मशीनवर काम करते, असे पेशंट नेहमी बघते. आवाज बहुतेकांचा राहतो. तो राहावा म्हणूनच तर शेक सुचवतात.

या टप्प्यावर दहातले साधारण नऊ जण नुसत्या शेकाने बरे होतात. स्वरतंतूंत लसीकावाहिन्या (ज्यांतून रोग पसरू शकतो अशा बारीक नळ्या) फारच कमी, त्यामुळे रोग मानेतल्या लसीका गाठींकडे सहसा जात नाही. म्हणून शेकही कंठाच्या पाच-सहा सेंटिमीटरच्या चौकोनापुरताच. लाळेच्या मोठ्या ग्रंथी बाहेर राहतात. डोक्याचे केस जात नाहीत, गळ्यावरची दाढी तेवढी विरळ होते.

आधी मास्क बनतो. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार शीट चेहऱ्यावर आणि मानेवर बसवतात, काही मिनिटांत ती कडक होते. रोज तोच मास्क. मशीन चालू असताना श्वास नेहमीसारखा घ्यायचा, फक्त आवंढा गिळायचा नाही, कारण गिळताना कंठ वर सरकतो. दुखत काहीच नाही.

बऱ्याच ठिकाणी रोज २.२५ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) असे २८ शेक देतात, एकूण ६३ ग्रे. सोमवार ते शुक्रवार धरून साधारण सहा आठवडे.

आता खरं सांगायचं ते हे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आवाज आणखी बसतो, कधी पार जातो. गिळताना टोचतं, गळ्याची कातडी काळवंडते, चिकट कफ येतो. नेमकं तेव्हाच पेशंट म्हणतो, ‘फरक तर नाहीच, उलट वाढलंय,’ आणि गावी निघून जातो. असं होऊ देऊ नका! ती शेकाची सूज असते. मधे खाडे पडले की रोगाला उभारी मिळते आणि बरं होण्याची शक्यता खरोखर कमी होते. मशीन बंद पडलं किंवा सुट्टी आली, तर चुकलेला शेक कसा भरून काढणार ते आम्हाला विचारा, हक्काने विचारा.

तंबाखू, बिडी आजपासून बंद. गळ्याला ब्लेड लावू नका, ट्रिमर चालेल. कुजबुजूही नका, त्यानेही ताण येतो. हळू आवाजात थोडंच बोलावं.

गाठ छोटी असेल तर लेझरनेही काढता येते, दिवसही कमी लागतात. शेकाच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी कान-नाक-घशाच्या सर्जनना ते जरूर विचारा. त्याच जागी पुन्हा पूर्ण शेक सहसा देता येत नाहीत. रोग उलटला तर मग ऑपरेशन.

शेक संपल्यावर काही आठवड्यांत आवाज उघडायला लागतो, पुढे काही महिने सुधारत राहतो. आवाजात थोडी खरखर राहू शकते. वरच्या पट्टीत गाण्याआधी स्पीच थेरपिस्टना दाखवा. दुर्बिणीची तपासणी आणि थायरॉइडची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करत राहा. मधेच श्वास घेताना घरघर किंवा दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.