तलाव वाचवायचाय तर आधी वरच्या उताराकडे बघा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तलावासाठी प्लॅन करायला आम्ही काहीजण जमलोय. कुणी म्हणतं गाळ काढू, कुणी म्हणतं फाउंटन बसवू. सुरुवात कुठून करायची?

दोन्ही जरा थांबवा. आधी कंटूरवाला, म्हणजे जमिनीचा चढउतार रेषांनी दाखवणारा नकाशा घ्या आणि कुठे पडलेला पाऊस वाहत तलावात येतो ती हद्द आखा, तेच तुमचं पाणलोट क्षेत्र. ते बहुतेकदा तलावाच्या कितीतरी पट मोठं निघतं आणि काठापासून लांब राहणाऱ्यांना पहिल्यांदाच कळतं की अरे, आपलं पाणीपण तिथंच जातंय. मग पहिल्या मोठ्या पावसात प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहा, कुठलं पाणी गढूळ, कुठे फेस, कुठे वास, सगळं नकाशावर मांडा. पाऊस थांबून बरेच दिवस झाले तरी एखादा नाला वाहतच असेल तर त्यात झरा तरी असतो नाहीतर सांडपाणी, आणि हे शोधणं माझ्या मते अख्ख्या प्लॅनमधलं सगळ्यात मोलाचं काम आहे. गाळ काढायचाच, पण वरून येणारी माती अडवल्यावर, नाहीतर काही पावसाळ्यात तो परत तेवढाच साचणार.

प्रश्न : पाणी दरवर्षी हिरवंगार होतं. औषध टाकून शेवाळ मारता येईल का?

मरेल, पण कुजून तिथंच राहील, त्याचं खत होईल आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपला की मासे मरतील ते वेगळंच. गोड्या पाण्यात शेवाळाचा लगाम बहुतेकदा फॉस्फरस या पोषकद्रव्याच्या हातात असतो. १९७३ मध्ये कॅनडात शास्त्रज्ञांनी प्रयोगासाठी राखलेल्या तलावांपैकी २२६ नंबरच्या तलावात मधोमध प्लॅस्टिकचा पडदा टाकला, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन सोडलं पण फॉस्फरस मात्र एकाच बाजूला, आणि तीच बाजू हिरवी झाली, दुसरी स्वच्छ राहिली. तुमच्याकडे हा फॉस्फरस सांडपाणी, गळके सेप्टिक टँक, शेणखत, रासायनिक खत आणि वाहून आलेली माती यातनं येतो. मातीच्या कणांना तो चिकटून येतो म्हणून बांध, नाल्याकाठची झाडंझुडपं आणि तलावाच्या तोंडाशी असलेली पाणथळ जागा एवढी महत्त्वाची. ती पाणथळ जागा बुजवून कृपा करून जॉगिंग ट्रॅक करू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. फाउंटननं पाणी हलतं, थोडी हवा मिळते, पण फॉस्फरस काही बाहेर जात नाही.

प्रश्न : वरच्या बाजूचे लोक मीटिंगला येतच नाहीत. त्यांच्याशिवाय प्लॅन करावा का?

नाही, कारण तुमच्या तलावाचं बरंचसं भवितव्य त्यांच्याच जमिनीवर ठरतं. आणि खरं सांगू का, त्यांनी का यावं? खर्च त्यांचा, फायदा खालच्यांचा. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये आपल्या पिण्याच्या पाण्याच्या पाणलोटातल्या वरच्या गावांशी रीतसर करार केला, त्यात गावांचे सेप्टिक टँक आणि सांडपाणी प्लँट सुधारायला शहराने पैसे दिले, शेतकऱ्यांसाठीही ऐच्छिक योजना होती. तुम्हीही वर जाऊन त्यांच्या अंगणात बसा, त्यांची माती वाहून जाते हा त्यांचाही तोटा आहे, तिथून बोलणं सुरू करा. दुसरं म्हणजे सगळं एकदम मागू नका. अमेरिकेत सिएटलजवळच्या, सांडपाण्यानं खराब होणाऱ्या वॉशिंग्टन लेकसाठी आजूबाजूच्या सगळ्या गावांची मिळून एक यंत्रणा करायचं मार्च १९५८ मध्ये मतदानाला आलं तेव्हा त्यात वाहतूक, नियोजन असं बरंच काही होतं, शहराबाहेरच्या मतदारांनी ते पाडलं. सप्टेंबरमध्ये फक्त सांडपाण्यापुरता प्रस्ताव आणला आणि तो पास झाला! १९६३ ते १९६८ मध्ये टप्प्याटप्प्याने सांडपाणी तलावाबाहेर वळवलं आणि पाणी खरंच नितळ झालं.

प्रश्न : फरक पडतोय हे कसं कळणार?

सेक्की डिस्क करा. २० सेंटीमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी, मोजमापाच्या दोरीला बांधून पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की खोली लिहायची; जितकी जास्त खोली, तितकं पाणी नितळ. दर वेळी तीच जागा, दुपारच्या आसपासची वेळ, होडीच्या सावलीची बाजू, शाळेतली मुलंसुद्धा मोठ्या माणसांबरोबर होडीत जाऊन हे छान करतात. लगेच आकडे सुधारले नाहीत तर प्लॅन फसला असं समजू नका, तळाच्या गाळात साठलेला जुना फॉस्फरस ऑक्सिजन कमी झाला की परत पाण्यात सुटत राहतो, काही तलावांत तर कित्येक वर्षं, म्हणून नाल्यांच्या तोंडाशी येणारं पाणीपण वेगळं तपासत राहा, सुधारणा आधी तिथे दिसते.