"कर्क्युमिन चालू आहे, मग टेनोफोविर बंद करू का?"

हिपॅटायटिस बी असलेल्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. कर्क्युमिन म्हणजे हळदीतला पिवळा घटक, टेनोफोविर म्हणजे या आजाराचा विषाणू दाबून ठेवणारी गोळी. चाळिशीतले एक गृहस्थ तर मोबाइलवर शोधनिबंध उघडूनच बसले. यकृताच्या पेशींवर कर्क्युमिन सोडलं आणि विषाणूची वाढ मंदावली, असं त्यात होतं. टेनोफोविरच्या जोडीला ते दोन महिने कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेत होते. "वनस्पतीतलंच आहे, मग रोज ती गोळी कशाला?"

निबंध खोटा नव्हता, गोम मात्रेत होती. अशा प्रयोगांत पेशींना बहुधा १० मायक्रोमोलर (द्रवातलं प्रमाण मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त कर्क्युमिन मिळतं. माणसांना दिवसाला ८ ग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातली सरासरी कमाल पातळी २ मायक्रोमोलरच्याही आतच राहिली. ८ ग्रॅम म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या १६ कॅप्सूल. हे घेत होते दोन. भरीला कर्क्युमिन स्वतः चमकतं आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे प्रकाश मोजणाऱ्या चाचण्या फसतात आणि मुळात नसलेला गुणही दिसतो. पेशी मारून विषाणू कमी झाला असेल, तर तोही गुण नव्हे. म्हणून निबंधात पेशींना अपाय करणारी मात्रा किती, हे आधी शोधावं.

मग कॅप्सूलची डबी मागवली. लेबलवर पिपरीन, म्हणजे काळ्या मिरीतला घटक, होता. कर्क्युमिन जास्त शोषलं जावं म्हणून ते घालतात, पण यकृताला इजा झालेल्यांच्या नोंदींत अशी मिश्रणं बरीच सापडतात. यांचं एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) दुपटीहून वर गेलं होतं. विषाणूने उचल खाल्ली की कॅप्सूल बाधली? रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू किती आहे हे मोजणाऱ्या एचबीव्ही डीएनए तपासणीत तो आढळला नाही, तेव्हा संशय कॅप्सूलवर गेला. त्यांच्या मनासारखं टेनोफोविर आधीच थांबवलं असतं, तर हा उलगडा झाला नसता. शिवाय ते अचानक सोडल्यावर विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकतं.

डॉक्टरांशी बोलून टेनोफोविर चालू ठेवलं, कॅप्सूल बंद केल्या. काही आठवड्यांनी एसजीपीटी पूर्ववत झालं. "आता एकच घेऊन बघू?" त्यांनी विचारलंच. नाही. एकदा बाधलेली गोष्ट पुन्हा घेतली तर इजा लवकर आणि जास्त होऊ शकते. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना गेली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायचं, डबी सोबत घेऊन.