‘स्तरित’पेक्षा ‘बहुपदरी’ बरा

सोलापुरात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका बाई विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणे काढत आहेत. युरेनियमच्या ‘लेयर्ड’ संयुगांच्या स्फटिकरचनेला ‘स्तरित’ म्हणावे की ‘थरांची’, आणि ‘शीट’ला मराठीत काय म्हणावे, अशी त्यांची विचारणा आहे.

बाई, मी ‘स्तरित’ आणि ‘थर’ हे दोन्ही टाळेन. ‘स्तरित खडक’ म्हणजे गाळ साचून झालेला खडक, हे आपण शाळेतच पाठ केलेले असते. थराचेही तसेच. धुळीचा थर बसतो, रंगाचा थर चढतो. सोलापूरच्या जमिनीखालचा काळा खडकसुद्धा लाव्हाचे थरावर थर पसरून झालेला. खालचा आधीचा, वरचा नंतरचा, असा काळाचा क्रम या शब्दांना चिकटलेला आहे. तुम्हाला तो सांगायचाच नाही. तुम्हाला सांगायचे आहे ते अणू कसे बांधले गेलेत ते.

आणि ती बांधणी फार देखणी आहे. यातल्या बहुतेक संयुगांत युरेनियमच्या वर एक आणि खाली एक असे दोन ऑक्सिजन अगदी घट्ट बसतात, सुमारे १.८ अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). एक युरेनियम आणि हे दोन ऑक्सिजन मिळून होणारा गट म्हणजे युरेनिल. या दोन ऑक्सिजनांची भूक तिथेच जवळपास भागते, त्यामुळे वर-खाली नवे बंध सहसा जुळत नाहीत. शेजारी जोडायचे ते युरेनियमच्या कमरेभोवती. तिथे चार, पाच किंवा सहा जागा असतात. म्हणून जाळे आडवेच पसरत जाते.

या आडव्या जाळ्याला, म्हणजे तुमच्या ‘शीट’ला, मी ‘पदर’ म्हणेन. घडीची चपाती आठवा. घडीत तेल लावलेले असते म्हणून तिला पदर सुटतात. प्रत्येक पदर स्वतंत्र, पण आधी-नंतरचा भाव त्यात नाही. ऑट्युनाइट या युरेनियमच्या खनिजात युरेनिल-फॉस्फेटच्या पदरांमध्ये तेलाच्या जागी कॅल्शियम आणि पाणी असते. फरक एवढाच, की तेल पदरांना नुसते अलग ठेवते. कॅल्शियम आणि पाणी त्यांना अलगही ठेवतात आणि एकमेकांशी बांधूनही. कोरड्या हवेत यातले काही पाणी निघून गेले की पदर जवळ सरकतात. या मधल्या जागेला ‘आंतरस्तरीय अवकाश’ असले काही लिहू नका. ‘सांद’ हा आपला शब्द आहे, तो पुरतो.

‘पापुद्रा’ही मनात आला होता. पण भाकरीचा पापुद्रा फुगून वर येतो, खाली जाड भाग उरतो. इथे सगळे पदर सारख्याच योग्यतेचे. ‘चादर’ तर सोलापूरकराच्या तोंडी आधी येणार! मात्र चादर एकेकटी असते, एकावर एक रचलेपणा त्या शब्दात नाही. मागावरचा एक शब्द मात्र जरूर घ्या: ‘वीण’. पदराच्या आत अणू कसे गुंफलेत त्यासाठी याहून नेमका शब्द मला माहीत नाही. ऑट्युनाइटमध्ये युरेनियमच्या कमरेला चार ऑक्सिजन आणि ते चारही कोपरे फॉस्फेटशी जुळलेले. कार्नोटाइट या युरेनियमच्या दुसऱ्या खनिजात कमरेला पाच, आणि दोन-दोन युरेनियम एकमेकांना कडेने जोडलेले. दोन्हीकडे पदरच, पण वीण वेगळी.

विशेषण करताना नुसते ‘पदरी’ लिहू नका. ‘राजाच्या पदरी’, ‘पदरी पडले’ हे अर्थ लगेच मध्ये येतात. ‘दुपदरी’, ‘तिपदरी’ आपण बोलतोच, त्याच चालीवर ‘बहुपदरी’ करा.

टिपणात वाक्य असे बसेल: “कार्नोटाइटची रचना बहुपदरी आहे, पदरांची वीण युरेनिल आणि व्हॅनेडेटची असून सांदीत पोटॅशियम आणि पाणी असते. सांदीतल्या पोटॅशियमच्या जागी कॅल्शियम आले, की वीण तीच राहून ट्युयामुनाइट हे वेगळे खनिज होते.”