वाचकांचे प्रश्न : यादीत नाव आहे, पॅकेजात फाईल नाही

प्रश्न : सर नमस्कार, मी सांगली मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी पायथॉनमध्ये छोटं सॉफ्टवेअर केलंय, सौदा झाला की पोती, वजन, दर टाकायचे आणि हमाली तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी छापून निघते. माझ्या लॅपटॉपवर सहा महिने झकास चालतंय पण दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हील फाईल (बांधून तयार पायथॉन पॅकेज) नेऊन पिप या इन्स्टॉलरनं टाकली तर इन्स्टॉल होतं, हिशोबपण बरोबर येतो, फक्त पट्टी छापायला गेलं की टेम्प्लेट, म्हणजे पट्टीचा साचा, सापडत नाही म्हणून एरर येतो. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये एक कोडचं फोल्डर आहे, त्याच्या शेजारी टेम्प्लेटचं आणि फॉन्टचं अशी दोन फोल्डर. दोन्हींची नावं मॅनिफेस्ट डॉट इनमध्ये, म्हणजे पॅकेजात काय घ्यायचं त्या यादीच्या फाईलीत, आहेत, तीनदा तपासली. पॅकेज बांधायला सेटअपटूल्स आणि त्याच्या सेटिंगसाठी पायप्रोजेक्ट डॉट टॉमल फाईल वापरतो. यादीत नाव असून फाईल जात नाही हे कसं काय?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दादा, यादी बरोबर आहे, पण ती ज्या गाठोड्याची आहे ते गाठोडं तुम्ही दुकानात नेलंच नाही. पॅकेज बांधलं की डिस्ट फोल्डरमध्ये दोन फाईली पडतात बघा, एक टार जीझेड, म्हणजे मूळ कोडचं गाठोडं, तिला एसडिस्ट म्हणतात, आणि दुसरी व्हील. मॅनिफेस्ट डॉट इन ही मुळात एसडिस्टची यादी. व्हीलमध्ये मात्र कोडच्या फोल्डरच्या आत जे असेल तेच घेतलं जातं, आणि तुमची दोन्ही फोल्डर त्याच्या शेजारी आहेत, आत नाहीत. म्हणून एसडिस्टमध्ये ती गेली असणार आणि व्हीलमध्ये नाही. आत्ता दोन्ही उघडून बघा, लगेच दिसेल.

मग लॅपटॉपवर कसं चालतं? बहुतेक तुम्ही पिप इन्स्टॉलला डॅश ई लावून टाकलंय. तसं केलं की फाईली कुठं कॉपी होत नाहीत, पायथॉन थेट तुमच्या कामाच्या फोल्डरमधून वाचतो आणि तिथं तर सगळंच पडलेलं असतं. म्हणजे सहा महिने तुम्ही पॅकेज वापरलंच नाही, फोल्डर वापरत होता. हे जवळपास प्रत्येकाचं होतं, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

आता काय करायचं ते सांगतो. टेम्प्लेट आणि फॉन्ट ही दोन्ही फोल्डर उचलून कोडच्या फोल्डरच्या आत टाका. पायप्रोजेक्ट डॉट टॉमल वापरताय म्हणजे इन्क्लूड पॅकेज डेटा हे सेटिंग आपोआप चालू असतं, जुन्या पद्धतीच्या सेटअप डॉट पीवाय फाईलीत ते बंद असतं आणि मुद्दाम चालू करावं लागतं, हे लक्षात ठेवा कारण नेटवर जुने नुस्खे भरपूर फिरतायत. ते चालू असलं की मॅनिफेस्ट डॉट इनमध्ये लिहिलेल्या आणि कोडच्या फोल्डरच्या आत असलेल्या फाईली व्हीलमध्येपण जातात. नवीन जागेप्रमाणं मॅनिफेस्टमधल्या ओळी बदला. रिकर्सिव्ह इन्क्लूडच्या, म्हणजे फोल्डर आणि त्याच्या आतल्या फोल्डरांतून फाईली घ्यायच्या, ओळीत स्टार डॉट एचटीएमएल एवढंच लिहिलं असेल तर फॉन्टची टीटीएफ फाईल त्यात येत नाही, तिच्यासाठी वेगळा पॅटर्न द्यावा लागतो. आणि या ओळी वरून खाली क्रमानं लागू होतात, वर घेतलेली फाईल खालच्या प्रून नाहीतर ग्लोबल एक्स्क्लूडच्या, म्हणजे वगळायच्या, ओळीनं परत बाहेर जाऊ शकते.

एवढ्यावर थांबू नका, कोडपण बघा. टेम्प्लेटचा रस्ता तुम्ही चालू फोल्डरपासून मोजून लिहिला असेल तर फाईल व्हीलमध्ये जाऊनसुद्धा सापडणार नाही, कारण दुकानातला माणूस प्रोग्राम कुठल्या फोल्डरमधून चालू करेल याचा काय भरोसा. त्यासाठी पायथॉनमध्येच इम्पोर्टलिब रिसोर्सेस आहे, त्यातलं फाईल्स हे फंक्शन 3.9 पासून मिळतं, ते पॅकेजच्या आतली फाईल बरोबर काढून देतं.

आणि आता ज्यासाठी मी एवढं लांबण लावतोय ते. यादी कितीही वेळा वाचली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नका, बांधलेलं पॅकेज उघडा. यार्डात गाडी भरताना बिल्टीवर आकडा लिहिलाय म्हणून कोणी गप्प बसत नाही, पोती मोजतातच. व्हील ही साधी झिप फाईल असते, अनझिपला डॅश एल लावलं की आतली नावं समोर येतात. त्यातच डिस्ट इन्फो नावाच्या फोल्डरमध्ये रेकॉर्ड म्हणून एक फाईल असते, तिच्यात आत गेलेल्या फाईलींची नावं, त्यांचे हॅश (फाईलच्या मजकुरावरून काढलेली खूण) आणि साईझ लिहिलेले असतात. खरी बिल्टी ती. मग नवीन रिकामं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथॉनची वेगळी कोरी जागा, करा, प्रोजेक्टच्या बाहेरच्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये जा, तिथं व्हील टाका आणि एक पट्टी छापून बघा. बाहेर जायचं एवढ्यासाठी की प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभं राहून चालवलं तर पायथॉन तिथलंच कोड उचलू शकतो आणि परत तीच फसगत होते.

मी हे पोटतिडकीनं सांगतोय कारण माझ्या हातून हे झालंय. सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पावती छापायचं काम माझ्याकडं होतं, गाळप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नवीन व्हर्जन टाकलं आणि मराठी फॉन्ट पॅकेजात गेलाच नव्हता. वजन बरोबर आणि शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसते चौकोन. थंडीत ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागलेली, लोकं पावती हातात घेऊन विचारतायत ही माझीच कशावरून. रात्रभर आम्ही प्रत्येक पावतीवर पेनानं नावं लिहिली. त्यानंतर आजपर्यंत एकही पॅकेज मी उघडून न बघता दिलेलं नाही.

अजून एक, यादी बदलली की बांधायच्या आधी बिल्ड फोल्डर आणि एग इन्फोनं संपणारं फोल्डर दोन्ही उडवा. एग इन्फोमध्ये सोर्सेस नावाची जुनी यादी पडून असते आणि सेटअपटूल्स ती परत वाचू शकतं, त्यामुळं तुम्ही मॅनिफेस्टमधून काढलेली फाईल पुन्हा पॅकेजात येते आणि माणूस चक्रावतो.

प्रश्न : दादा, मी कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. काल रात्री माझं पहिलं पॅकेज एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं सार्वजनिक भांडार) टाकलं आणि सकाळी मैत्रिणीनं सांगितलं की त्यात माझी डॉट एन्व्ह फाईल दिसतेय, तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड आहे. गिट इग्नोरमध्ये, म्हणजे गिटनं काय घेऊ नये त्या यादीत, ती फाईल पहिल्या दिवसापासून आहे, गिटवर कधीच गेली नाही. टेस्टच्या फाईली जाऊ नयेत म्हणून मी फक्त एनपीएम इग्नोर नावाची एक नवीन फाईल केली होती. खूप घाबरलेय.
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : ताई, आधी हे वाचायचं सोडा आणि पासवर्ड बदला, बाकी सगळं नंतर.

बदललात? आता ऐका. चूक त्या नवीन फाईलीनंच झाली. एनपीएम इग्नोर नसेल तर एनपीएम गिट इग्नोर वाचतं, त्यामुळं ती नवीन फाईल केलीच नसती तर एन्व्ह बाहेर राहिली असती. पण एनपीएम इग्नोर केली की त्या फोल्डरमधल्या गिट इग्नोरकडं ते बघतच नाही, दोन्ही एकत्र करत नाही. तुमच्या नवीन फाईलीत फक्त टेस्ट लिहिलेलं, म्हणून टेस्ट थांबल्या आणि एन्व्ह आत गेली. चांगल्या हेतूनं केलेल्या कामात असं व्हावं याचं मलाच वाईट वाटतं.

पॅकेज प्रसिद्ध करून 72 तास झाले नसतील आणि एनपीएमवरचं दुसरं कुठलं पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तर ते अनपब्लिश करता येतं, आजच करा. तेच नाव आणि तोच व्हर्जन नंबर परत कधीच वापरता येत नाही, तेव्हा पुढचा नंबर घ्यायचा. पण काढलं म्हणजे वाचलो असं धरू नका, तोपर्यंत कोणी उतरवून घेतलं असेल तर ते आपल्या हातात नाही, म्हणून तर पासवर्ड आधी बदलायला लावला. डेटाबेसचे लॉगसुद्धा कालपासूनचे तपासा.

पुढच्या वेळी काय जाऊ नये याची यादी करत बसू नका. ती कधीच पुरी होत नाही, उद्या नवीन फाईल आली की ती आपोआप आतच. त्यापेक्षा पॅकेज डॉट जेसनमध्ये फाईल्स नावाची यादी द्या आणि काय जायचं तेवढंच लिहा, नवीन फाईल मग तुम्ही बोलावल्याशिवाय आत जात नाही. पॅकेज डॉट जेसन, रीडमी, लायसन्स आणि मेनमध्ये लिहिलेली फाईल या न लिहिताही जातातच, आणि नोड मॉड्युल्स किंवा डॉट गिट ही फोल्डर आपोआप बाहेर राहतात, त्यांची काळजी करायची गरज नाही. टाकायच्या आधी एनपीएम पॅकला ड्राय रन लावून चालवा, काय काय जाणार ते नावानिशी दाखवतं, फुकट आहे, अर्धा मिनिट लागतो, आणि ती यादी एकदा शांतपणे वाचा.

शिकणाऱ्या पोरांना आपण पब्लिश कसं करायचं ते शिकवतो आणि हे शिकवत नाही, ही चूक आम्हा शिकवणाऱ्यांची जास्त आहे.

प्रश्न : आमच्या ऑफिसमधल्या उबुंटूवर एक कॉन्फिग फाईल सापडली, ती कुठल्या पॅकेजनं आणली ते कळतं का? उडवू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : लगेच उडवू नका. डीपीकेजी या उबुंटूच्या पॅकेजांच्या कमांडला डॅश मोठा एस देऊन पुढं फाईलचा पूर्ण रस्ता लिहा, पॅकेजचं नाव येईल. उलटं बघायचं असेल, म्हणजे एखाद्या पॅकेजनं काय काय आणलं, तर डॅश मोठा एल. पण नाव नाही आलं म्हणजे फाईल बेवारस असं समजू नका, इन्स्टॉल होताना पॅकेजची स्क्रिप्ट चालून ज्या फाईली तयार होतात त्या या यादीत नसतात. तेव्हा आधी तिची कॉपी बाजूला ठेवा, फाईलमधल्या वरच्या ओळी वाचा, बऱ्याचदा कोणी आणि कशासाठी केली ते तिथंच लिहिलेलं असतं.