वाचकांचे प्रश्न : जैसलमेरमधला एक मोकळा दिवस

प्रश्न : डिसेंबरअखेर आम्ही सहकुटुंब जैसलमेरला जात आहोत. परतीच्या गाडीचे आरक्षण एक दिवस पुढचे मिळाल्यामुळे किल्ला आणि हवेल्या पाहूनही एक पूर्ण दिवस हाताशी उरतो. मुलांना वाळूच्या टेकड्या पाहायच्या आहेत. परंतु तंबूचे आरक्षण केलेले नाही आणि सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत. ऐनवेळी जाणे जमेल का? समला जावे की खुरीला? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : अवश्य जा, आणि आरक्षण नसल्याची रुखरुख मुळीच बाळगू नका. तंबूच्या ठरीव कार्यक्रमात उंटाची फेरी, सूर्यास्त, नाचगाणे आणि जेवण सारे एका संध्याकाळीच उरकले जाते, आणि वाळू खरोखर पाहावी अशी जी सकाळची वेळ, ती बहुधा आवराआवरीत निघून जाते. तुम्हाला मात्र ती वेळ निवडता येईल. जैसलमेरभोवतीचा प्रदेश खडकाळ माळाचा आहे, त्यामुळे वाळूसाठी पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवरील समला किंवा नैर्ऋत्येला जवळपास ५० किलोमीटरवरील खुरीला जावे लागते. भाड्याच्या गाडीने दोन्हीकडे तासाभरात पोहोचता येते. समचा पट्टा मोठा आहे, पण वर्षअखेरीस तिथे जत्रेसारखी गर्दी उसळते. खुरीला गाव आणि टेकड्या एकमेकांना लागूनच आहेत, म्हणून माझा कौल खुरीला आहे.

त्या दिवसांत तिथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो, तेव्हा पहाटे सहाला निघालात तरी चालेल. मात्र पारा दहा अंशांच्या खाली उतरू शकतो, म्हणून स्वेटर आणि कानटोप्या विसरू नका.

टेकडी चढताना ज्या बाजूने वारा येतो, त्या बाजूचा सौम्य उतार धरा. वाऱ्याने ढकललेले कण उड्या मारत याच उतारावरून माथ्यापर्यंत येतात आणि पलीकडे पडतात. तिथे साचत गेलेल्या वाळूचा उतार ३४ अंशांच्या आसपास गेला की ती आपोआप घसरते, त्यामुळे त्या बाजूने चढणारा माणूस पाऊल टाकताच पोटरीपर्यंत रुततो. मुलांना माथ्यावर बसवून टाचेने थोडी वाळू लोटायला सांगा. ती पाण्यासारखी ओघळत खाली जाते आणि टेकडी पुढे कशी सरकते ते समजावून सांगावे लागत नाही. कोवळ्या तिरप्या उन्हात रात्रभरातल्या पाऊलखुणाही स्पष्ट दिसतात: भुंगेऱ्याची नाजूक दुहेरी रेघ, फोगाच्या झुडपाखालच्या बिळांपाशी उंदरांची लगबग, एखादे वेळी खोकडाची सरळ रांगेतली पावले. माणसांची वर्दळ सुरू झाली की हे सारे पुसले जाते. पायथ्याच्या गवतात भुरट नावाची काटेरी बोंडे असतात, ती मोज्यांत घुसली की काढता काढता बोटे रक्ताळतात. तेवढ्या टप्प्यात बूट घालावेत आणि वर गेल्यावर खुशाल अनवाणी चालावे. झुडपांच्या बुंध्याशी मात्र हात घालू नये, कारण आपल्या कोकणातला फुरसे हा विषारी साप थरच्या वाळवंटातही आहे.

सासूबाईंना उंटावर बसवू नका. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसणारा एकदम पुढे झुकतो आणि कमरेला हिसका बसतो. उंटगाडी मिळाली तर उत्तम. नाही तर पायथ्याशी सतरंजी अंथरून, चहाचा थर्मास सोबत देऊन त्यांना निवांत बसू द्यावे.

तुम्ही सोलापूरचे आहात म्हणून आणखी एक सुचवतो. ज्या माळढोकामुळे सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याचे नाव झाले, त्या पक्ष्याचे आज उरलेले बहुतेक वन्य वास्तव्य जैसलमेर जिल्ह्यातच आहे. सुमारे ३,१६२ चौरस किलोमीटरचे डेझर्ट नॅशनल पार्क याच भागात पसरलेले आहे. वनखात्याची परवानगी घेऊन दुपार तिथल्या माळावर घालवा. माळढोक दिसेलच असे नाही, पण गिधाडे आणि चिंकारा दिसण्याची आशा बरीच असते.

प्रश्न : टेकड्यांवरून जीप पळवण्याची फेरी घ्यावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. फोग आणि सेवण गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली वाळू चाकांखाली मोकळी होते आणि गुरांचा चाराही चिरडला जातो. त्यापेक्षा तेच पैसे उंटवाल्याला द्यावेत. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशूचा दर्जा दिला, तरीही देशातली उंटांची संख्या २०१२ च्या पशुगणनेतील सुमारे ४ लाखांवरून २०१९ मध्ये अडीच लाखांवर आली. ज्याची रोजची कमाई उंटावर होते, तोच उंट पाळत राहील. बसण्याआधी भाडे, वेळ आणि कुठपर्यंत नेणार हे तिन्ही बोलून घ्यावे, आणि उंटाच्या नाकाला किंवा पाठीला जखम दिसली तर दुसरा उंट मागावा.