मूल झाल्यावर, पस्तिशी उलटल्यावर एखादी खेळाडू पुन्हा जगात पहिली आली आहे का?

हो, आली आहे. मारित ब्यॉर्गेन, नॉर्वेची क्रॉस-कंट्री स्कीपटू. २०१५ च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिला मुलगा झाला. तेव्हा ती ३५ वर्षांची होती. त्यानंतर चौदा महिन्यांनी फिनलंडमध्ये लाहतीला झालेल्या जागतिक स्पर्धेत तिने चार सुवर्णपदकं घेतली आणि पुढच्या वर्षी हिवाळी ऑलिंपिकमध्ये पाच पदकं.

तुम्ही लिहिलंय की तुमची बहीण लांब पल्ल्याची धावपटू, राज्य पातळीवर खेळलेली. आता बाळ सहा महिन्यांचं आहे आणि घरीदारी सगळे तिला “आता पुरे झालं” म्हणतात. म्हणून नुसतं नाव सांगून थांबत नाही. मारित परत आली हे खरं, पण ती कशाच्या जोरावर आली हे तुमच्या बहिणीला जास्त उपयोगी पडेल.

मी नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये राहते. मारितचं गाव रॉग्नेस इथून दक्षिणेला, गाडीने साधारण तासाभरावर. शेतकरी घरातली मुलगी. तिचा खेळ म्हणजे डोंगरउतारावरून सुसाट खाली येणारं स्कीइंग नव्हे. यात सपाटीवर आणि चढावर स्वतःच्या पायांनी आणि हातातल्या काठ्यांनी जायचं असतं. क्लासिक पद्धतीत बर्फात आखलेल्या दोन समांतर चरांतून पाय पुढे सरकवायचे, फ्री पद्धतीत बर्फावर स्केटिंगसारखे पाय बाहेर फेकायचे. मी इथे आल्यावर शिकले. पहिल्या दोन किलोमीटरांतच छाती भात्यासारखी चालायला लागली होती. दम, पाय, खांदे, पाठ, सगळं एकदम मागणारा असा दुसरा खेळ मी केलेला नाही. मारितची काठ्या रोवून दोन्ही हातांनी स्वतःला पुढे ढकलण्याची ताकद तर इथे आजही लोक आठवून सांगतात.

तिची कारकीर्द सरळ वर चढत गेली असं लोकांना वाटतं, तसं नाही. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकला रिलेचं रौप्य, तेव्हा वय २१. २००३ ला स्प्रिंटमध्ये जगज्जेती. २००५ ला ओबर्स्टडॉर्फच्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णं, २००५ आणि २००६ ला लागोपाठ विश्वचषक, म्हणजे मोसमभराच्या शर्यतींत मिळून सर्वाधिक गुण. आणि मग घसरण. २००६ च्या तोरिनो ऑलिंपिकला तीच जिंकणार असं सगळे धरून चालले होते, तिथे ती आजारी पडली आणि एका रौप्यावर परतली. २००९ ला लिबेरेत्सच्या जागतिक स्पर्धेत तर एकही पदक नाही. वय २९ व्हायला आलेलं. या खेळात तेव्हाच पुष्कळ जणी थांबतात.

पुढच्याच वर्षी व्हँकूवरच्या ऑलिंपिकला तिने तीन सुवर्णं, एक रौप्य आणि एक कांस्य घेतलं. ते रौप्य ३० किलोमीटरचं. तीस किलोमीटर झुंजून पोलंडच्या युस्टिना कोवाल्चिककडून ती ०.३ सेकंदाने हरली. त्यानंतर २०११ ला ओस्लोच्या जागतिक स्पर्धेत घरच्या प्रेक्षकांसमोर चार सुवर्णं, २०१३ ला वाल दि फिएम्मेच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा चार, २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये तीन. म्हणजे मूल होण्याआधीच ती एकदा पार खाली जाऊन वर आलेली होती. माझ्या मते २०१७ चं पुनरागमन समजून घ्यायचं तर २००९ पासून सुरुवात करायला हवी.

तिच्या सरावाच्या वह्यांवर संशोधकांनी २०१७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वयाच्या विसाव्या वर्षी ती वर्षाला ५२२ तास सराव करत होती, तर सर्वांत यशस्वी वर्षांत हा आकडा साधारण ९४० तासांवर गेला होता. म्हणजे आठवड्याला अठरा तास. पण खरी गोष्ट पुढे आहे. दमसासाच्या सरावातले ९२ टक्के तास सावकाश होते, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या वेगाचे. छाती फुटेस्तोवर पळणं जेमतेम पाच टक्के. पंधरा वर्षांत जी वाढ झाली ती मुख्यतः या सावकाश तासांची. आपल्याकडे रोज मैदानावर जीव काढला तरच सराव झाला असं मानतात. तुमच्या बहिणीलाही बहुधा तसंच शिकवलं असेल. मारितच्या वहीने मला तरी ते शिकणं विसरायला लावलं.

गरोदरपणातही तिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली, भार कमी करून सराव चालू ठेवला होता. हे कुणी जसंच्या तसं उचलू नये. तिच्यामागे वीस वर्षांची तयारी होती आणि शरीराची बारीक नोंद ठेवणारी माणसं होती. बाळंतपणानंतरही तिने हळूहळूच भार वाढवला. परतल्यावर सगळ्या शर्यतींत उतरलीही नाही. २०१६-१७ च्या मोसमात तिने टूर द स्की ही अनेक टप्प्यांची मोठी स्पर्धा सरळ सोडून दिली आणि लक्ष लाहतीवर ठेवलं. जिंकायची सवय लागलेल्या माणसाला ‘ही शर्यत माझी नाही’ असं म्हणणं फार कठीण असतं. मला यात तिचं मोठेपण दिसतं.

आणि घर. तिचा जोडीदार फ्रेड बॉर्रे लुंडबर्ग स्वतः ऑलिंपिक विजेता, १९९४ चं लिलेहॅमरचं नॉर्डिक कम्बाइंडचं (स्की-उडी आणि क्रॉस-कंट्री मिळून होणारा खेळ) सुवर्ण त्याचं. सराव म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. शिवाय या देशात बाळाच्या बापाला स्वतःच्या वाट्याची, आईला न देता येणारी आठवड्यांची रजा मिळते. सकाळी बाबागाडी ढकलणारे बाप इथे रस्तोरस्ती दिसतात. बहिणीला “आता पुरे” म्हणणाऱ्यांपैकी कुणी रोज सकाळी दीड तास बाळ सांभाळणार आहे का, हे आधी विचारा. तो दीड तास मिळाला तर निम्मं काम झालं.

दम्याच्या औषधाचा विषयही टाळत नाही, कारण मारितचं नाव घेतलं की कुणीतरी तो काढतंच. तिला दमा आहे आणि नियमानुसार परवानगी घेऊन ती औषध वापरत होती. २०१० ला कोवाल्चिकने त्यावर उघड टीका केली. पुढे २०१६ मध्ये नॉर्वेच्या संघातली दम्याच्या औषधांची पद्धत चांगलीच वादात सापडली आणि टीका योग्यही होती. मारितवर मात्र कधीही बंदी आलेली नाही.

आता प्याँगचँगचं हिवाळी ऑलिंपिक, फेब्रुवारी २०१८. पहिल्याच दिवशी स्किअ‍ॅथलॉनमध्ये (अर्धं अंतर क्लासिक, अर्धं फ्री पद्धतीने) स्वीडनच्या शार्लोट कालामागे रौप्य. १० किलोमीटरला कांस्य. रिलेत शेवटचा टप्पा तिच्याकडे होता आणि तिने स्वीडनच्या स्टिना निल्सॉनला मागे टाकून सुवर्ण आणलं. सांघिक स्प्रिंटच्या कांस्याने तिची एकूण पदकं १४ झाली आणि नॉर्वेच्याच ओले एयनार ब्यॉर्नडालेनचा हिवाळी ऑलिंपिकमधला १३ पदकांचा विक्रम मोडला. उरली होती शेवटच्या दिवसाची ३० किलोमीटरची क्लासिक शर्यत. (तेव्हा स्त्रियांसाठी तीसच असत, पुरुषांना पन्नास. आता अंतरं सारखी झाली आहेत, आणि ते फार आधी व्हायला हवं होतं.)

रविवारची सकाळ होती. बाहेर नुकतं उजाडत होतं. माझी मुलगी चार महिन्यांची, मांडीवर. रात्रभर झोप नव्हती. वाटलं होतं चुरशीचा शेवट बघायला मिळेल, पण चुरस झालीच नाही. मारित एकटी पुढे निघून गेली आणि मागच्या बायका कॅमेऱ्यात दिसेनाशा झाल्या. ती १ मिनिट ४९.५ सेकंदांनी जिंकली. दुसऱ्या आलेल्या फिनलंडच्या क्रिस्टा पर्माकोस्कीची वाट बघत ती रेषेपलीकडे उभी होती. महिनाभरावर अडतिसावा वाढदिवस होता. १५ वं पदक, ८ वं सुवर्ण. मी रडले, आणि मुलगी दचकून जागी झाली म्हणून तीही रडली. त्या एप्रिलमध्ये मारित निवृत्त झाली. तोवर हिवाळी ऑलिंपिकमध्ये इतकी पदकं कुणीच मिळवली नव्हती, ना बाईने ना पुरुषाने.

तुमच्या बहिणीने आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्यावं, ओटीपोटाच्या आणि कमरेखालच्या स्नायूंची तपासणी करून मगच पळावं. सुरुवात चालण्याने. वेग लिहायचा नाही, फक्त वेळ लिहायचा. राज्य स्पर्धेच्या काळातल्या तिच्या सरावाच्या वह्या असतील तर त्या शोधून काढायला सांगा आणि आठवड्याला किती तास ती खरोखर सावकाश पळत होती ते मोजायला लावा. तो आकडा इथे कळवलात तर पुढचं अजून नेमकं बोलता येईल.